एल्मर्डीन हाउस, नोव्हेंबर

रविवारी शेवटची बस गेली
आणि सोमवारपासून आम्ही घर झोपवायला घेतलं.
इथे असंच म्हणतात, घर झोपवणं.
आधी खिडक्यांच्या फळ्या, मग गालिचे गुंडाळायचे,
खुर्च्यांना पांढरे अभ्रे, झुंबराला पिशवी.
डुकराच्या केसांचा ब्रश, मऊ, एकाच दिशेने.
धूळ म्हणजे निम्मी माणसंच, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.
कुणाची, ते नाही सांगितलं.

पहिले ओथवेल. मेंढ्यांवर मोठे झाले.
लोकर विकून दगड घेतला, दगडात सिंह कोरून घेतला.
श्रॉपशरमध्ये सिंह कुणी पाहिलेला?
दारावरच्या त्या सिंहाचं तोंड
अजून मेंढीचं आहे.

तिसऱ्या ओथवेलला न्याहारीच्या खिडकीतून
गाव दिसायचं. ते त्याला खुपलं.
त्याने गाव उचललं. अकरा घरं, एक गुत्ता,
मैलभर पलीकडे, टेकडीआड.
देऊळ हलवता येईना, म्हणून त्यापुढे झाडं लावली.
मोकळ्या झालेल्या हिरवळीवर
मेंढ्या तेवढ्या परत आणल्या. शोभेला.

चौथा पत्त्यांत हरला.
आधी पूर्वेचं रान, मग तबेले, मग बाकीचं.

गॅस्कर्थांनी घर घेतलं, कालव्याच्या आणि कोळशाच्या पैशाने.
खरेदीखतात पूर्वजही होते:
तैलचित्रं, एकोणीस नग, सोनेरी चौकटींसह.
दोन पिढ्या गेल्या आणि जेवणाच्या टेबलावर
पाहुणे म्हणू लागले,
धाकट्याचं नाक अगदी पणजोबांवर गेलंय.

पुढे थोरला मुलगा फ्रान्सच्या चिखलात राहिला.
मग मृत्युकर, मग सैन्याचं इस्पितळ, मग गळणारं छप्पर.
शेवटच्या मिस गॅस्कर्थ दोन खोल्यांत राहायच्या,
रॉकेलच्या शेगडीपाशी, ओव्हरकोट घालून.
कुठली बादली कुठल्या सुरात वाजते
ते त्यांना झोपेतही कळायचं, म्हणतात.
मला त्या आवडतात. फोटोत त्यांच्या मोज्याला भोक आहे.

पगाराची वही काचेखाली असते.
मी दर वर्षी तिच्यावर काळं कापड घालते
आणि दर वर्षी आधी वाचते.
पहिला हुजऱ्या: थॉमस. १८११.
थॉमस. थॉमस. १८८७पर्यंत थॉमस.
एक गेला की त्याचा कोट नव्याला,
दंडात जरा उसवून,
आणि नावही, न उसवता.

याचं नवल ब्रिजेटला वाटतं. ती लिव्हरपूलची.
मला कसं वाटावं?
मी लग्नात ताटभर तांदळात
नवऱ्याच्या अंगठीने कोरलेलं माझं नाव पाहिलंय.
हेमलता होते, उठले ती रेवती होऊन.
त्याच तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असेल,
कोण विचारतं.
इथे सगळे मला रेव्ह म्हणतात.
तो पाद्र्याचा किताब आहे हे कळलं
तेव्हा जिन्यात बसून हसले होते.

काल भांड्यांच्या कोठीत वाळवी बघायला
उताणी झोपले, बॅटरी घेऊन.
खालच्या फळीच्या पोटाला,
उभ्या माणसाला कधी दिसणार नाही अशा जागी,
काट्याच्या टोकाने ओरखडलेलं:
जेबेझ टिप्टन, १८४२.
एस उलटा. एन खोल, दोनदा गिरवलेला.

वहीत बेचाळीस साली थॉमसच आहे.

नोंद करायला हवी होती. फॉर्म असतो,
फोटो, माप, स्थिती.
ते राहू दिलं जरा वेळ.
फळीच्या वरच्या अंगाला वर्षाची धूळ होती,
अजून न झाडलेली, तांदळाच्या पिठीसारखी.
बोट टेकवलं.
'हेम' एवढंच झालं,
तोच वरून हाक आली,
रेव्ह, अभ्रे कमी पडतायत, रेव्ह!

आले, म्हणाले मी.
मराठीतच.