एक मात्रा कमी

शिवलिंग शाहिराच्या मागं एकतीस वर्षं बसलो,
ढोलकी मांडीखाली दाबून.
हुक्केरी, संकेश्वर, चिकोडी,
उरूस असू दे, जत्रा असू दे,
साखर कारखान्याची मोळी पडली तरी आम्ही हजर.
गाणं कसलं का असंना,
शेवटच्या कडव्यात शाहीर डाव्या कानावर हात ठेवणार,
उजवा छातीवर,
आणि आपलं नाव घालणार.
कन्नड गावात ‘शिवलिंग हेळ्यान’,
मराठी गावात ‘शिवलिंग म्हणे’,
दोन्हीकडं त्या नावावर नारळ फुटायचा.

खरं एक गाणं होतं. वखारीतलं.
तंबाखूच्या भुक्याचं, शिंकांचं,
दिवसभर चाळण हलवून रात्रीही हलत राहणाऱ्या हातांचं.
त्या गाण्यात नाव आलं की ताल लंगडायचा.
शि, व, लिं, ग. पाच मात्रा.
जागा सहाची.
‘ग’ ओढला तर नाव बोबडं होतंय,
‘लिं’ ओढला तर देवाचं होतंय.
म्हणून शाहीर तिथं थांबायचे, माझ्याकडं न बघता,
आणि मी एक ‘धीं’ टाकायचो,
खड्ड्यात मुरूम टाकावा तसा.
लोक नेमकी त्याच धींला शिट्टी मारायचे.

एकदा गोकाकच्या स्टँडवर विचारलं,
‘शाहीर, ह्या जागेत आधी कोण होतं गा?’
त्यांनी पान थुंकलं.
‘बस आली,’ म्हणाले.
बस आली नव्हती.

शाहीर गेले त्याच्या पुढच्या वर्षी
ढोलकीला शाई भरायला निपाणीला गेलो.
कारागीर जेवायला गेलेला. बोळात बसलो.
समोरच्या उंबऱ्यावर एक म्हातारी बिड्या वळत होती
आणि गुणगुणत होती तेच गाणं.
शेवटचं कडवं आलं.
माझी बोटं आपसूक गुडघ्यावर उठली,
धीं टाकायला,
आणि जागाच नव्हती.
का, शव्, वा.
सहा.
बोटं तशीच वर राहिली.

नाव विचारलं.
‘घरात काशव्वा. वखारीत काशीबाई.
मतदार यादीत काशिनाथ, वय एकोणतीस.’
गाणं तुमचं?
‘तोंडाला फडकं बांधलं की सगळ्या सारख्याच गा.
कोण गातंय मुकादमाला कळायचं नाही, ते बरंच,
खरं पलीकडच्या ओळीतल्या बायकांनाही कळायचं नाही.
म्हणून नाव घातलं.
इथवर मी चाळलंय, हितनं पुढं तुम्ही चाळा, एवढंच.’

मी म्हणालो, शाहिरानं ते काढलं.
‘ठाव हाय. ऐकलंय की मी, तवंदीच्या जत्रेत,
ऊसाच्या गाडीला टेकून.’
एक बिडी वळली, दोरा गुंडाळला, दातानं तोडला.
‘मग राग नाही आला?’
‘आला की. खरं त्या जागी कोणतरी धीं मारत होता बघ.
बरा मारायचा.
मी म्हटलं, असू दे, तेवढं माझं.’
कोण मारत होता ते तिनं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
कारागीर आला, शाईचे चाळीस रुपये झाले.

आता शाहिरांचा पुतण्या गातो.
गळा चांगला, घाई फार.
संकेश्वरला परवा तेच गाणं काढलं,
काकाचं नाव पुसून स्वतःचं घातलं, मोहन.
मो, ह, न. चारच.
आता दोन मात्रांचा खड्डा,
आणि माझा हात वर गेला
आणि वरच राहिला.
मुद्दाम म्हणा, नाहीतर वय झालं म्हणा.
पेटी थांबली. झीलकऱ्यांनी तोंडं उघडी ठेवली.
मैदानात कुठंतरी भजी तळल्याचा आवाज तेवढा येत होता.
पोरानं मागं वळून बघितलं,
‘भरमाण्णा, झोपलास काय गा?’

माईक चालू होता.