मासळीचा वास

ग्दिन्यात मासळीच्या वासाचं कुणी मनावर घेत नाही.
बंदर दोन गल्ल्या पलीकडे, वारा सदाचा तिकडूनच.
झेनोबियाबाईंनी अ‍ॅम्प्लिफायर काउंटरवर टेकवला
आणि वास आला, तेव्हा मीही आधी उठून
खिडकी लावली.

वास आतून होता.
झाकणाचे सहा स्क्रू काढले, सातवा कधीच हरवलेला.
पत्र्यावर चार कपॅसिटर, अंगठ्याएवढे,
दोघांचे माथे टम्म,
एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग.
चौथा दिसायला धडधाकट. मीटर लावला,
तर तोच सगळ्यांत कोरडा.

"काय त्रास होतो याला?"
"याला कुठं? मला होतो," बाई म्हणाल्या.
"चेलोची तबकडी लावते. घासल्याचा आवाज येतो,
लाकूड येत नाही.
आणि सगळ्यामागे एक गुणगुण,
शेजारच्या खोलीत कुणी
तोंड मिटून रागावून बसल्यासारखी.
डॉक्टर झाले. कानाला हे यंत्र घेतलं,
तीन महिन्यांचं पेन्शन गेलं त्यात.
आता हा डबा तरी विकून टाकते."

खर्ज काही एका रात्रीत जात नाही.
आज चिमूटभर, उद्या चिमूटभर,
मिठाची बरणी उतरावी तसा उतरतो.
ऐकणाऱ्याला वाटतं, वय झालं आपलं.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
म्हटलं, मंगळवारी या.

जुना डाख ओढून घेतला. नवे चार बसवले,
जुन्यांच्या निम्म्या उंचीचे,
उण्याची पट्टी दोनदा बघून
(तरुणपणी एकदा उलटा लावला होता,
छतावर त्याचा डाग अजून आहे).

मंगळवारी बाई तबकडी घेऊन आल्या.
कानातलं काढून मुठीत धरलं.
मी बटण दाबलं, आणि आधी
काहीच नाही.
इतकं काहीच नाही, की दुकान मोठं वाटलं.
मग चेलो.
काउंटरच्या फळीतून माझ्या कोपरापर्यंत आला,
लाकडासकट.

रडतील असं वाटलं होतं. बाई भडकल्या.
"तीन वर्षं! अहो, तीन वर्षं मी चर्चमध्ये गायला गेले नाही!
ऐकूच येत नाही म्हणून माझी जागा
त्या ब्रोनिस्लावाला देऊन बसले,
आणि ती गाते कशी माहितीये तुम्हाला?"
पैसे मोजून ठेवले. कानाचं यंत्रही ठेवलं.
"घ्या, सुट्या भागांना होईल."
डबा छातीशी धरून, दार पायानं ढकलून गेल्या.

संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर
ते यंत्र सहज कानात घालून पाहिलं.
फळीवरचा माझा रेडिओ, बावीस वर्षं तिथंच,
समुद्राचं हवामान सांगत होता नेहमीसारखं.
त्या हवामानाखाली
कुणीतरी तोंड मिटून बसलेलं होतं.

खिडकी सकाळपासून बंदच होती.
तरी मासळी.