जवारी

रात्रपाळी सुटली की सरळ घरी जात नाही मी.
मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीतून वळसा घेते,
जिथे दस्तगीरचाचा फळ्या काढून
भोपळे उन्हाला लावत असतात.
कडू भोपळे.
"गोड असता तर कुणीतरी खाल्लाच असता, सिस्टर.
कडू म्हणून वाचला, वाजायला उरला."

मला वाटायचं प्रार्थना म्हणजे यादी.
बाबा मिशनच्या शाळेत मास्तर, यादी त्यांचीच :
आजारी, प्रवासी, विधवा, सरकार,
मग आपली माणसं,
आणि वेळ उरला तर आपण.
सारवलेल्या जमिनीवर गुडघे, कंदिलाला काजळी,
धाकटा शांतवन आमेनच्या आधीच आडवा.

वॉर्डात यादी वाढत गेली.
खाट चार, पोटात पाणी.
खाट नऊ, जतहून आलेले, दोन्ही किडन्या.
मी देवाला खाटांचे नंबर सांगायचे,
जणू नवा डॉक्टर तो, राउंडला येणार
आणि केसपेपर वाचल्याशिवाय
त्याला काही कळणार नाही.

खाट अकरा. सुनेत्रा, कवठेमहांकाळची, वय नऊ.
सतरा दिवस मागितलं तिच्यासाठी.
अठराव्या पहाटे तीन चाळीसला चादर वर ओढली,
हात धुतले, नोंद केली,
मागायला तोंड उघडलं
तर आत काहीच नव्हतं.
रडू नाही. रागसुद्धा नाही.
जंक्शनवर कुठेतरी डबे जोडले जात होते,
त्यांचा धक्का तेवढा खिडकीच्या काचेला कळला.

पाळकसाहेब म्हणाले, विश्वास कमी पडतोय, उपास धरा.
धरला. भूक लागली.

अकरा महिने असे.
रविवारी गाणी म्हटली, ओठांनी.
घरी बायबल उघडायचे आणि
खूण ठेवलेल्या रिबिनीकडे बघत बसायचे.

एकदा चाचांनी वाळका भोपळा भिजवून तोंड कापलं,
कोपरापर्यंत हात आत.
बिया, जाळी, वाळलेला मगज,
खरवडत राहिले, दुपारभर असेल.
पुरे की आता, मी म्हटलं, थोडं राहिलं तर?
"राहिलं तर किडा लागतो."
मी स्टुलावर बसून होते, युनिफॉर्ममध्येच.
तो हात, ती नखं, तो खरखर आवाज :
कुणाचं काय खरवडलं जात होतं
मला नेमकं सांगता येणार नाही.

मग तंबोरा. तारा चढल्या, घोडीवर बसल्या,
छेडल्या तर मुक्या. लोखंड नुसतं.
त्यांनी सुताचा एक तुकडा तोडला, बोटाएवढा,
तारेखाली सारला.
केसाएवढा इकडे. नाही.
केसाएवढा तिकडे.
आणि तार उघडली,
एका तारेत किती तारा होत्या देव जाणे,
गल्लीतली सायकल थांबली.
"या दोऱ्याला काय म्हणता?"
"जीव," चाचा म्हणाले, आणि दुसरी तार घेतली.

त्या रात्री औषधं वाटून झाल्यावर
प्रभूची प्रार्थना धरली.
लहानपणी एका दमात म्हणायचे सगळी,
बक्षीससुद्धा होतं, पितळी पेला.
आता "आमच्या" पाशीच थांबले.
त्यात चार नंबर शिरला, नऊ नंबरची बायको,
सफाईवाली कलावती, चाचांची बोटं,
ती पोर, तिची गुलाबी चप्पल
जी न्यायला कुणी आलंच नाही.
पुढचा शब्द येईपर्यंत उजाडलं.

त्याला काही न सांगता बसते आता.
बहुतेक रात्री काहीच होत नाही.
सलाइन ठिबकतं, कुणी कण्हतं, उठावं लागतं,
बेडपॅन द्यावं लागतं, परत येऊन बसते.

एकदाच, मार्चमध्ये,
दोन थेंबांच्या मधे जेवढी जागा असते तेवढ्यात
उघडलं.
मी नव्हते, म्हणजे होते,
पण तारेखाली.
पाळकसाहेबांना सांगितलं नाही.
काय सांगणार? थेंब पडला, नऊ नंबरने पाणी मागितलं,
मी दिलं.

तेव्हापासून शोधते आहे
दोरा नेमका कुठे होता.
केसाएवढं इकडे.
नाही.