पाचशे सात, नदीच्या बाजूची

दोन साबण, दोन शाम्पू, एक कंगवा,
शिवणाचं पाकीट, त्यात तीन रंगांचा दोरा,
कापडी सपाता, चहाच्या पुड्या चार,
पाण्याच्या बाटल्या दोन, मोफत असं लिहिलेल्या.
ट्रॉली ढकलताना ओठ आपोआप मोजतात.
अकरा वर्षं झाली. येरवड्यात घरी
सुनेला साबणाची वडी देतानासुद्धा
मी नाव वर येईल अशीच ठेवते.

नदीच्या बाजूच्या खोलीला हजार रुपये जास्त.
नदी म्हणजे जलपर्णी. पुलावरचे दिवे लागले
की जरा बरी दिसते.
खिडकी उघडत नाही ते एक बरंच आहे.

तिथं हुडगे उतरले होते. वैजनाथ हुडगे, उदगीरचे.
मुलानं कॅनडातून बुक केलेलं, बावीस दिवस, नाश्ता धरून.
पहिल्या दिवशी अंधारातच बसलेले.
कार्ड भिंतीतल्या खाचेत घालायचं असतं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
मी घातलं. सगळं एकदम लागलं,
दिवे, एसी, टीव्हीवर त्यांच्या नावानं स्वागत.
ते उठून उभे राहिले.

पुढं रोज पलंग मी लावला तसाच.
चादर ताठ, उशीवरचं चॉकलेट जागच्या जागी.
झोपायचे खाली, कपाटातलं जादा ब्लँकेट अंथरून,
आणि सकाळी त्याची घडी अशी
की पिंगळे मॅडमनी नव्या पोरींना दाखवावी.
एका खोलीला वीस मिनिटं धरलेली असतात.
मी नळ पुसायची. पुन्हा तोच नळ पुसायची.

मग एकदा किटलीच्या तळाशी पांढरं दिसलं.
बोट लावलं. भाताचं शीत.
किटलीत फक्त पाणी, असं तीन भाषांत चिकटवलंय.
"तिला दवाखान्यातलं काय बी जाईना बगा," ते म्हणाले.
"पेज तेवढी घेती."
आणि मीठ?
त्यांनी खिशातून नाश्त्याच्या टेबलावरची पुडी काढली,
चोरी सापडल्यासारखी.

त्या दिवसापासून माझ्या ट्रॉलीवर
साखरेच्या पुड्यांखाली मिठाच्या पुड्या.
किटली सगळ्यात शेवटी धुवायची, लिंबाची फोड टाकून.
फोड बारमधून यायची, आणि बारचा लोबो
कशाला म्हणून विचारायचा नाही.
वहीत लिहायची, पाचशे सात, सर्व ठीक.

एकोणिसाव्या दिवशी पलंग विस्कटलेला.
उशी भिंतीला टेकवून उभी.
सुरकुत्या एकाच कडेला, माणूस रात्रभर बसून राहिल्यासारख्या.
शिवणाच्या पाकिटातला पांढरा दोरा संपलेला,
सुई मात्र होती तिथं परत खोचलेली.
किटली कोरडी. आतून पुसलेली.

रिसेप्शनवर म्हणाले, पहाटे चारला गेले, गाडी बोलावून.
काय झालं ते त्यांनी विचारलं नव्हतं,
बिल आधीच भरलेलं होतं.
उरलेल्या तीन दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत,
म्हणून खोली तीन दिवस त्यांचीच.
म्हणून मी रोज गेले.
दोन साबण, दोन शाम्पू, एक कंगवा.
कार्ड घातलं की टीव्ही हुडग्यांचं स्वागत करायचा,
मी आवाज बंद करायची, नाव राहायचं.

शेवटच्या दिवशी काम उरकून
ब्लँकेटच्या जागी, खालीच बसले थोडी.
वीस मिनिटं माझीच होती.
किटली लावली.
नुसतं पाणी. नियमात बसतं.