एकाच पारड्याचा काटा

कुंडईच्या शेडमध्ये दुपारी वीज जाते
आणि सगळे वास आपापल्या उंचीवर उभे राहतात:
खाली भिरंडेल, जाड, तुपकट,
मधे ग्लिसरीन, म्हणजे काहीच नाही,
वर, तापल्या पत्र्याला टेकून, जाई.

जाई म्हार्दोळची. फुलं नव्हेत, अर्क.
तपकिरी कुपी, दहा मिली,
तेवढ्यात माझ्या स्कूटरचे दोन्ही टायर आले असते.
किलोला दोन ग्रॅम घालते.
आकडा स्थिर होईपर्यंत श्वास धरते,
श्वासानेही तो हलतो.

गेल्या महिन्यात एस्पेरांसाबाई आल्या, दिवाडीहून, फेरीबोटीने.
स्कार्फ सोडून मान दाखवली.
साखळीच्या बोटभर वर लाल पट्टा, खवल्यांचा.
"तुझंच लावलं," एवढंच म्हणाल्या.
आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

लिनालूल. नाव कसं, पाळण्याला झोका द्यावा तसं.
ताजं असताना फारसं वाईट वागत नाही.
झाकण सैल राहिलं की हवा त्याच्याशी बोलू लागते,
आठवडे, महिने,
आणि मग तेच, त्याच वासाचं,
कातडीला असं काही सांगतं
की कातडी ते जन्मभर विसरत नाही.
बाईंची डबी खिडकीत होती, नदीकडच्या.
झाकण मी निवडलेलं. स्वस्तातलं.

एक घाणा जाईविना केला.
डब्या भरणारी सुकांती हुंगून म्हणाली,
"वास ना जाल्यार कोण लायतलें?"

आणि दर्शिनी वेळीप, फोंड्याच्या इस्पितळात रात्रपाळीला.
तिने मागे सांगितलं होतं:
रात्रभर स्पिरिट, रबर, दुसऱ्यांची अंगं;
पहाटे कदंबात बसते, तुझं क्रीम चोळते,
सावईवेऱ्यापर्यंत हात परत माझे होतात.

यानं कुणाची सुरकुती गेली नाही, हे मला माहीत आहे.
पण हे ठेवू कुठे?
आजोबा सोनार होते, त्यांच्या तराजूला दोन पारडी होती.
माझ्या काट्याला एकच.

शेवटी स्वतःच्या हातावर दोन पट्ट्या,
एक नव्या कुपीची, एक चार महिने उघड्या.
अठ्ठेचाळीस तास. आंघोळीला एक हात न्हाणीच्या दाराबाहेर.
नवी: काही नाही.
जुनी: किंचित गुलाबी.
की चिकटपट्टीचं? की मी सारखं बघत होते म्हणून?

आता पंपाची बाटली घेते, नऊ रुपयांनी महाग.
लेबलावर लिनालूल, चष्म्याशिवाय वाचता येईल असं.
तारीख. "मानेआधी कोपराला लावा."
दर्शिनीचा हात उद्या कसा असेल
हे त्यातलं काहीच सांगत नाही.

बिनवासाची डबी दिवाडीला धाडली.
बाईंचा फोन आला रविवारी, मिसाहून परतल्यावर:
"खाज गेली गो.
पण रात्री दिवा मालवला
की खोलीत कुणीच नसतं."