सही लागत नाही

मंगळवारी येटे चौदा वर्षांची झाली
आणि बुधवारी सकाळी, पावाला लोणी लावता लावता म्हणाली,
"बाबा, मी बाप्तिस्मा घेतेय. जूनमध्ये. नदीत."
मी म्हणालो, कागद दे, सही करतो.
"सही लागत नाही," ती म्हणाली,
"चौदानंतर नाही लागत. कायदाच आहे तसा."
आणि लोण्याच्या डब्याला झाकण लावून शाळेत गेली.

हाले शहरात, ट्रामच्या कारखान्यात
एकतीस वर्षं ब्रेक तपासतोय मी.
भरल्या गाडीचं वजन थांबवता येतं मला, उतारावरसुद्धा.
त्या सकाळी हात नुसता टेबलावर राहिला,
पेनाचं टोपण काढलेलं.

तसं आम्ही तिला कधी अडवलं नव्हतं.
"मोठी झालीस की तुझं तू ठरव"
किती सहज म्हणायचो, पाहुण्यांसमोर तर हमखास.
मनात पक्कं होतं,
ठरवण्यासारखं काही उरलेलंच नाही.
रिकाम्या फडताळासमोर पोरीला उभं करून म्हणावं,
घे बाई, हवं ते घे.

पाच वर्षांची होती तेव्हा
पाऊस आला म्हणून बाजारचौकातल्या चर्चमध्ये शिरलो होतो.
वर बघून तिनं विचारलं,
"त्या माणसाला कोणी खाली का उतरवत नाही?"
मी म्हणालो, पुतळा आहे तो. चल, उशीर होतोय.
कुठे जायचं होतं ते आठवत नाही.

उटे हसली. म्हणाली, गेल्या वर्षी मांस सोडलं,
यंदा आपल्याला सोडतेय.
रात्री मात्र स्वयंपाकघरात बराच वेळ नळ वाहत होता
आणि भांडी तर केव्हाच घासून झाली होती.

माझ्या बापाचं उलटं झालं होतं.
अठ्ठावन्न साली झीगमारनं वेदीपुढे गुडघे टेकले
आणि वरच्या शाळेचं दार त्याच्यापुरतं लागलं.
कोणी मारलं नाही, कोणी ओरडलं नाही,
यादीत नाव नव्हतं, बस्स.
म्हणून चौदाव्या वर्षी मला
करड्या कोटात, पक्षाच्या सभागृहात उभं केलं.
एक लाल फूल, एक जाडजूड पुस्तक,
आणि एक शपथ, जिच्यातला शब्दही आता आठवत नाही.
मला कोणी विचारलं नाही.
का विचारलं नाही, हे मीही विचारलं नाही.

मिठाचं शहर आमचं.
जमिनीखालचं खारं पाणी उकळून पोटं भरली इथं पिढ्यान्‌पिढ्या.
खाल्ल्या मिठाला जागावं, खरंय,
पण मी कोणत्या मिठाला?
बापाच्या,
की बापानं माझ्या पानात वाढायचं टाळलं त्या?

रविवारी वृद्धाश्रमात जाऊन सांगितलं त्याला.
वाटलं, रडेल. नाहीतर चिडेल,
मी सोडलं ते तुझ्यासाठी,
आणि ही पोर फुकटात उचलून नेते!
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
मग म्हणाला, "जूनमध्येही नदी गार असते.
टॉवेल ने."

म्हणून टॉवेल नेला. निळा, पोहायच्या तलावावरचा.
काठावर वीसएक माणसं, गिटार घेतलेला एक पोरगा,
त्याचा सूर काही लागत नव्हता.
पाद्रीणबाई कमरेएवढ्या पाण्यात,
झग्याखाली मासेमारीची रबरी विजार.
"येटे, तुझ्यासोबत कोण आलंय?"
"माझे बाबा. ते मानत नाहीत.
टॉवेल आणलाय त्यांनी."
लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरानं.

मग ती पाण्याखाली गेली.
तीन सेकंद. ब्रेक तपासणाऱ्याला सेकंद कळतात.
तेवढ्यात, ज्याला मी मानत नाही
त्याला म्हणालो, वर आण.

ती वर आली, ओठ निळे, नाकात पाणी,
दात वाजत असतानाच विचारलं, "आई?"
मी टॉवेल तिच्याभोवती गुंडाळला
आणि पुलाकडे बोट दाखवलं.
तिथं सायकल धरून उटे उभी होती,
उतरावं की नाही
अजून ठरवत.