चौदा पावलं

भरमाणी घाडी निवृत्त झाला, टीव्हीवर दाखवतात.
दोनशे एकोणीस बळी,
एकाच खांद्याची दोन ऑपरेशनं.
कोल्हापूरचा पेपर म्हणतो, आपला पोरगा.
हुबळीचा म्हणतो, नम्म हुडुग.
मी कौलांचा हिशेब बाजूला सारून बघतोय.

खानापूरच्या मैदानावर काथ्याची मॅट होती,
सहा खिळे, त्यातला एक कायम हरवलेला.
हिरेमठ सरांनी त्याला रनअप मोजून दिला:
ओंदु, येरडु, मूरु…
हदिनाल्कुला खडूची रेघ.
झेल सुटला की शिव्या मात्र मराठीत,
आणि त्या मला,
विकेटमागं मी.

ही करंगळी बघा.
त्याच्या एका बॉलनं वाकली ती वाकलीच.
कौल उचलताना अजून बाहेर राहते.
एका गिऱ्हाइकाला सांगितलं एकदा,
तो हसला, म्हणाला, खोटं,
आणि शंभर कौलांवर सूट मागितली.
दिली.

पास पाठवले होते त्यानं, बंगळूरचे, दोन.
भट्टी पेटलेली होती.
कच्चा माल टाकून कसं जायचं?
पास अजून आहेत, वहीत.

आता त्याची शेवटची ओव्हर पुन्हा लावलीय.
मेलबर्न. ऊन. केस पिकलेत की याचे!
कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो, ओठ हलतायत.
कॉमेंट्रीवाला म्हणतो,
धावताना देवाचं नाव घेतो हा,
सुरुवातीपासून.

हदिमूरु, मी म्हटलं,
आणि दुकानात
उकिडवा बसलो.